‘वाटा-पळवाटा’ : नामांतरोत्तर संवादाचा एक पाठ

नामांतर आंदोलनाचा विचार बहुधा दोन तारखांच्या दरम्यान केला जातो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ठरावानंतरच्या दंगलींत खेड्यापाड्यांतील दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडात गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. हा इतिहास स्मृतिदिनी सांगितला जातो. मात्र घरे जाळणारे आणि ज्यांची घरे जळाली ते, पुन्हा त्याच शिवारात समोरासमोर आल्यावर एकमेकांशी काय बोलले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

नांदेडचे नाटककार दत्ता भगत यांचे ‘वाटा-पळवाटा’ या प्रश्नाच्या उजेडात वाचावयास हवे. हे १९८०च्या दशकातील नाटक दंगलीवर नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. चळवळीत घडलेले काका, प्राध्यापक सतीश आणि बंडखोर अर्जुन यांच्यातील वादातून ते उभे राहते; म्हणून ‘तीन पिढ्यांचा संघर्ष’ असे त्याचे वर्णन रूढ झाले. हे वर्णन चुकीचे नाही, परंतु सोयीचे आहे. त्यामुळे संघर्ष दलित घरापुरता ठरतो आणि उर्वरित वाचक प्रेक्षागृहात निवांत बसू शकतो. वस्तुतः या घरात सवर्ण आवाज आहे तो सतीशच्या ब्राह्मण पत्नीचा, हेमाचा. विवाहाने जी आधीच उंबरठा ओलांडून आली, तिच्याशी संवाद होतो. गावातला विरोधक मात्र या दिवाणखान्यात येत नाही. ही नाटकाची उणीव मानता येईल. मला ती त्याची सचोटी वाटते. जो संवाद समाजात घडला नाही तो रंगमंचावर घडवून आणण्याचा मोह भगतांनी टाळला आहे. ती खोली दुसऱ्या बाजूच्या लेखकांनी उघडावयाची होती.

नामविस्तारानंतर अवघ्या आठ महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेड, लातूरची महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. त्यामागील शैक्षणिक गरज खरी होती. हेतूचा आरोप येथे करावयाचा नाही. परंतु ज्या नावावरून या भागात रक्त सांडले, ते नाव येथील पदवी प्रमाणपत्रांवरून गेले आणि त्या नावाविषयी बोलण्याचे निमित्तही कमी झाले.

सतीश प्राध्यापक आहे, हे आपण प्राध्यापकांनी विसरू नये. शिकलेला, समंजस, दोन्हीकडून ओढला जाणारा सतीश आपल्याच स्टाफरूममधला आहे. हे नाटक शिकविताना समोरच्या बाकांवर दोन्ही वस्त्यांतील मुले शेजारी-शेजारी बसलेली असतात. आजोबांनी घरी काय सांगितले, हे त्यांना विचारण्याऐवजी आपण फळ्यावर ‘पिढ्यांचा संघर्ष’ असे लिहितो आणि तास संपवितो.