पामतेलावरील व्यापारनिर्बंध : एक चिकित्सा

पामतेलासंबंधीच्या वादात निर्बंधाचा हेतू आणि निर्बंधाचा परिणाम यांची वारंवार गल्लत होते. जगातील सुमारे ८५ टक्के पामतेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांत निघते. या लागवडीपायी तेथील वर्षावने व दलदली मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या, हे निर्विवाद होय. तथापि विकत घेणाऱ्याने पाठ फिरविली म्हणजे अरण्य वाचते, हा निष्कर्ष त्यातून आपोआप निघत नाही.

युरोपीय संघाने २०१८ च्या निर्देशानुसार जैवइंधनासाठी काही पिके ‘अधिक जोखमीची’ ठरविण्याचे योजिले. २०१९ च्या पाहणीत असे दिसले की, २००८ नंतर वाढलेल्या पामक्षेत्रापैकी ४५ टक्के क्षेत्र कर्बसंपन्न भूमीवर गेले होते. सोयाबीनच्या बाबतीत हे प्रमाण ८ टक्के होते. मर्यादा १० टक्क्यांची ठरली. साहजिकच पामतेल कक्षेत आले व सोयाबीन सुटले. या कसोटीतील मुख्य दोष असा की, ती पिकाच्या सरासरीवर निर्णय देते. पन्नास वर्षांच्या जुन्या मळ्यातील तेल आणि काल जाळलेल्या रानातील तेल तिच्या लेखी सारखेच. जागतिक व्यापार संघटनेच्या निवाडामंडळांनी मलेशियाच्या (मार्च २०२४) व इंडोनेशियाच्या (जानेवारी २०२५) तक्रारींवर निर्णय देताना असा निर्बंध मुळातच अग्राह्य मानला नाही. आकडेवारीचे वेळेवर फेरपरीक्षण न करणे आणि अंमलबजावणीतील भेदभाव यांवर मात्र बोट ठेवले. हा भेद महत्त्वाचा आहे.

उत्पादक देशांचा युक्तिवादही तपासून घेतला पाहिजे. हेक्टरी तीन ते चार टन तेल देणाऱ्या पामऐवजी अर्धा टन देणारे सोयाबीन घेतले, तर तेवढ्याच तेलाला कितीतरी पट जमीन लागेल, हे खरे. परंतु अधिक उत्पन्नाचे पीक अरण्यातच लावले पाहिजे, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

२०२३ चा युरोपीय कायदा या दृष्टीने पुढचे पाऊल होय. पाम, सोयाबीन, कॉफी, कोको, रबर, लाकूड व गुरे या सर्वांना तो एकच प्रश्न विचारतो : ३१ डिसेंबर २०२० नंतर या भूखंडावरील रान तोडले गेले काय? पिकाऐवजी जमीन पाहणे, ही योग्य दिशा. मात्र पुरावा कोणी द्यावयाचा? इंडोनेशियातील सुमारे ४० टक्के पामक्षेत्र लहान शेतकऱ्यांकडे आहे. मोठ्या कंपनीला भूखंडाचे नकाशे सहज सादर करता येतात. अनेक हातांतून फळ विकणाऱ्या शेतकऱ्याला ते कठीण जाते. निर्दोष असूनही केवळ कागदाअभावी तो बाजारातून बाहेर फेकला जाण्याचा धोका आहे. या कायद्याची अंमलबजावणी २०२४ व २०२५ मध्ये दोनदा पुढे ढकलावी लागली.

निर्बंधाचा भार अखेर कोणावर पडतो, हे इंडोनेशियाने स्वतःच घातलेल्या निर्यातबंदीने दाखविले. देशातील तेलाचे भाव उतरावेत म्हणून २८ एप्रिल २०२२ रोजी बंदी आली व २३ मे रोजी उठली. पामचे झाड बंदी ओळखत नाही. फळ पिकतच राहते आणि तोडल्यावर एकदोन दिवसांत गाळले नाही तर बिघडते. टाक्या भरल्या, घाण्यांनी खरेदी आखडली आणि फळाचा भाव कोसळला. नुकसान शेतकऱ्याच्या पदरी आले.

युरोपने नाकारलेले तेल नाहीसेही होत नाही. भारत हा पामतेलाचा सर्वांत मोठा आयातदार. त्याने कच्च्या खाद्यतेलांवरील एकूण शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये ५.५ वरून २७.५ टक्के केले आणि मे २०२५ मध्ये ते १६.५ टक्क्यांवर आणले. या चढउतारात तेलबिया पिकविणारा शेतकरी आणि ग्राहक यांचा विचार होता; सुमात्रातील अरण्याचा नव्हता. मोठा ग्राहक असा प्रश्न विचारीतच नसेल, तर स्वच्छ तेल युरोपकडे व उरलेले इतरत्र, एवढीच वाटणी संभवते.

अर्थात् निर्बंध व्यर्थ होत असे नव्हे. परंतु जमिनीची कसोटी, ती पार करण्यासाठी लहान शेतकऱ्याला साहाय्य आणि मोठ्या ग्राहक-देशांचा सहभाग या तिहींवाचून निर्बंध व्यापाराचा मार्ग तेवढा बदलतो; कुऱ्हाड थांबवीत नाही.