एका तारेची गवळण

डिंभ्याच्या माणसाने लंडनमध्ये गिटार हातात धरावी, याची मला अजून थोडी लाज वाटते. आमच्याच तालुक्यातले, महाळुंगे पडवळचे बाबू गेनू 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत विलायती कापडाचा ट्रक अडवताना गेले. डिंभ्याच्या धरणातलं पाणी आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. आणि मी विलायती वाद्यावर तमाशातली गवळण काढायला बसलो!

ही चाल लहानपणी जत्रेत कानावर पडली, ती गेलीच नाही. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच जाऊन सुपारी देतात, मग आमच्या भागातल्या जत्रा रंगतात. तमाशा कलावंत विठाबाईंचं नारायणगाव ते. 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींकडून गौरव झालेल्या त्या बाईंच्या मुलखातली चाल. आपल्याला आठ दिवसांत जमेल, असं मला वाटलं होतं.

तीन वर्षं झाली. सूर सापडले, पण गवळण त्या सुरांच्या मधल्या जागेत राहते आणि तिथे गिटारवर धातूच्या पट्ट्या ठोकलेल्या आहेत. तार ओढली की सूर वर चढतो. वरून खाली घरंगळत यायचं तर ती आधी ताणून ठेवायची, मग छेडायची, मग हळूच सोडायची. तेवढ्यात ढोलकी पुढे गेलेली असते. झीलकऱ्याचा लांबवलेला सूर तर माझ्या तारेवर निम्म्या वाटेतच विझतो. कॉर्ड लावून पाहिले, तर गवळण नाताळची वाटायला लागली. ब्रिजभूषण काब्रा किंवा विश्वमोहन भट्ट यांनी गिटार आडवी घेऊन तारेवरून कांब सरकवली आणि त्या पट्ट्यांचा प्रश्नच मिटवला. पण ती आयुष्यभराची साधना; माझ्याकडे शनिवारचे दोन तास.

गेल्या दिवाळीत मामांना फोनवर ऐकवलं. ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ग्वाड वाजतंय रं. पर बाई कुठं मुरडती ह्यात?"

लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 चं, म्हणजे बाबू गेनूंनंतर दोनच वर्षांनी निघालेलं. नाटक, गाणं इथे पिढ्यान् पिढ्या टिकलं. तमाशाच्या वाट्याला मात्र, माझ्या मते, आपल्या पांढरपेशा संकोचामुळे कमी प्रेम आलं. म्हणून आमच्या शनिवारच्या कंपूचं मला अप्रूप आहे. ढोलकीवाला दिवसा हिशेब तपासतो. गाणारी इथेच जन्मलेली. तिचा 'ळ' अजून डळमळतो, पण ती मुरडते मात्र बरोब्बर जागेवर. हलगी दमट हवेत सैल पडते. जाळावर शेकावी तर आगीचा भोंगा वाजेल, म्हणून ती केस वाळवायच्या यंत्रासमोर धरतात.

एकदा त्या गाणारीनेच मला थांबवलं. "काका, चाल मी गाते. तुम्ही तुणतुणं द्या ना."

तुणतुणं म्हणजे एक तार, एक खुंटी, खाली कातडं. आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. मी गिटारच्या पाच तारांवर तळवा दाबून धरला आणि उरलेली एक तिच्या षड्जाला लावली. ढोलकीचा घुमारा सुरू झाला. मी टुंग टुंग करत राहिलो. तीन वर्षांत पहिल्यांदा गवळण शेवटपर्यंत गेली.

मामांना अजून ऐकवलेली नाही. दाबलेल्या तारांतली एक मध्येच बोलते, ती गप्प बसली की फोन करणार आहे.