निहाली : गुप्ततेचा आरोप आणि अन्यत्वाची घडण

वंश, जमात आणि अल्पसंख्यत्व यांची मराठीतील चर्चा बहुधा जात आणि धर्म या दोन अक्षांभोवती फिरत राहिली आहे. एखाद्या समूहाचे वेगळेपण त्याच्या बोलीवरूनच ठरविले जाते आणि त्या बोलीचे वर्णनच त्या समूहावरील निवाडा ठरते, या प्रक्रियेकडे आपल्या समीक्षेचे लक्ष क्वचितच गेले आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यातील जामोद, सोनबर्डी आणि आसपासच्या गावांत बोलली जाणारी निहाली ही या प्रक्रियेचे लक्षणीय उदाहरण आहे. तिचे भाषक सुमारे दोन-अडीच हजार आहेत. आजवरच्या संशोधनात तिचा संबंध कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी निर्णायकपणे सिद्ध झालेला नाही. प्रस्तुत विवेचनाचा विषय निहालीचे व्याकरण हा नसून निहालीविषयी लिहिणाऱ्यांची भाषा हा आहे.

या लेखनाच्या आरंभी दोन वर्गीकरणे आढळतात. भारताच्या भाषिक सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (1906) स्टेन कोनो यांनी निहालीची नोंद कोरकूच्या सान्निध्यात, मुंडा भाषांच्या प्रकरणात घेतली आणि तिला मिश्र बोली मानले. दहा वर्षांनी, 1916 मध्ये, रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील आपल्या ग्रंथात निहाल हे भिल्ल आणि कोरकू यांचे मिश्रण असावे, असे मत नोंदविले. भाषेसाठी आणि माणसांसाठी एकच विशेषण योजले गेले, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. जे स्वतंत्र चौकटीत बसत नाही ते मिश्र, आणि जे मिश्र ते दुय्यम, असे एक अनुच्चारित अनुमान या दोन्ही नोंदींच्या तळाशी आहे. रसेल-हिरालाल आणखी एक गोष्ट सांगतात : जुन्या मराठी कागदपत्रांत डोंगरी लुटारूंचा सरसकट निर्देश करताना नाहाल, भिल्ल आणि कोळी ही नावे एकत्र घेतली जात. म्हणजे निहालांना गुन्ह्याशी जोडणारे वर्गीकरण केवळ वसाहतवादी प्रशासनाची निर्मिती नव्हे. त्याची पूर्वपीठिका मराठी राज्यव्यवहारातच होती. वसाहतवादी ज्ञानाची चिकित्सा करताना ही अडचणीची बाजू वगळता येणार नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास सुधिभूषण भट्टाचार्य यांनी निमाडात प्रत्यक्ष सामग्री गोळा केली आणि ती 1957 मध्ये प्रसिद्ध झाली. या सामग्रीच्या आधारे एफ. बी. जे. कायपर यांनी 1962 मध्ये निहालीचा तौलनिक अभ्यास सादर केला. कोरकू, द्राविडी आणि आर्य भाषांतून आलेले शब्द वेगळे केल्यावर सुमारे एक चतुर्थांश शब्दसंग्रह असा उरतो की ज्याचे मूळ सापडत नाही, हे त्यांनी दाखविले. या अवशेषाचे स्पष्टीकरण शोधताना त्यांनी एक शक्यता पुढे ठेवली : निहाली ही परक्यांपासून आशय लपविण्यासाठी घडविलेली, चोरांच्या सांकेतिक बोलीसारखी भाषा असू शकेल. कायपर यांनी हे गृहीतक सावधपणे मांडले होते, हे त्यांना न्याय देताना सांगितलेच पाहिजे. तथापि ते ज्या सहजतेने सुचले, ती सहजता तपासण्याजोगी आहे. अज्ञात मूळ हा ज्ञात्याच्या ज्ञानाचा मर्यादाबिंदू असतो. येथे मात्र त्याचे रूपांतर भाषकाच्या हेतूविषयीच्या संशयात झाले.

निहाल आपली भाषा परक्यासमोर उघड करीत नसत, हे निरीक्षण चुकीचे आहे असे मानण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची मोठी कत्तल झाल्याची परंपरा अभ्यासकांनी नोंदविली आहे. कोरकूंच्या तुलनेत त्यांचे स्थानही दुय्यम राहिले आहे. अशा समूहाने भाषा घराच्या उंबरठ्याआड ठेवावी, यात नवल नाही. प्रश्न गुप्ततेचा नसून तिच्या अर्थनिर्णयनाचा आहे.

या संदर्भात मराठी वाङ्मयेतिहासातील एक समांतर प्रकरण आठवते. ‘लीळाचरित्रा’त ज्यांचा उल्लेख येतो ती लोणार आणि मेहकर ही स्थळे याच जिल्ह्यातील. ज्या महानुभाव पंथाचा हा ग्रंथ, त्याने आपले वाङ्मय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके झाकून ठेवले. त्याही गुप्ततेकडे बाहेरच्या समाजाने संशयानेच पाहिले. ‘मानभावी’ हा शब्द दांभिक या अर्थाने मराठीत रूढ झाला, तो याच संशयाची साक्ष होय. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजवाड्यांसारख्या संशोधकांनी लिपीची उकल केली, ग्रंथ वाचले गेले, आणि जे कपट वाटत होते ते मराठी गद्याचे आद्य वैभव ठरले. महानुभावांची गुप्तता पुन्हा वाचली गेली, कारण तिच्यामागे ग्रंथ होता. निहालीच्या गुप्ततेमागे हस्तलिखिताची पोथी नाही, केवळ बोलणारी माणसे आहेत. लेखननिष्ठ संस्कृतीत तेवढ्याने पुनर्वाचन घडत नाही.

मिश्रतेच्या निकषाचेही असेच आहे. विश्वनाथ खैरे यांच्या ‘द्रविड महाराष्ट्र’ (1977) या ग्रंथाने मराठीच्या द्राविडी संबंधांची चर्चा घडविली. शिवकाळापूर्वीच्या मराठीवरील फारसी प्रभाव तर सर्वमान्य आहे. यामुळे मराठीच्या अस्तित्वाविषयी शंका उत्पन्न झाली नाही. उलट तिची ग्रहणशीलता हा गौरवाचा विषय झाला. निहालीत दोन ते चार या संख्यांची नावे द्राविडी रूपांशी जुळतात, पाचपासून पुढे आर्य भाषांतील शब्द येतात, आणि एकासाठीचा शब्द यांपैकी कशाशीही सहज जुळत नाही. एका अंकमालिकेत इतका सहवास साठवणारी ही भाषा ग्रहणशील ठरत नाही, ‘संकीर्ण’ ठरते. निकष एकच, निर्णय दोन : हा फरक भाषांच्या गुणधर्मातून नव्हे, भाषकांच्या सत्तास्थानातून निर्माण होतो. फ्रेडरिक बार्थ यांनी 1969 मध्ये प्रतिपादिले होते की वांशिक समूहाची ओळख त्याच्या सांस्कृतिक ऐवजापेक्षा सीमारेषांच्या राखणीतून घडते. निहालांच्या बाबतीत या प्रतिपादनाला पुरवणी जोडावी लागते. सीमा समूह स्वतः राखतो, पण तिचे नाव ठेवण्याचा अधिकार बहुधा दुसऱ्याकडे असतो.

हा अधिकार आजही संपलेला नाही. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘निहाल’ हे नाव कोरकू या नोंदीच्या पोटात येते. 1971 पासून जनगणनेने दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची स्वतंत्र आकडेवारी देणे थांबविले. त्यामुळे निहाली तेथेही दिसत नाही. एका नोंदीत ती दुसऱ्याची पोटशाखा आहे, दुसरीत ‘इतर’.

याची उलट बाजूही तितकीच सावधपणे पाहावी लागते. आशा मुंडले यांचा शब्दसंग्रह (1996) आणि के. एस. नागराज यांचे व्याकरण (2014) यांमुळे निहाली हा भाषाविज्ञानातील कुतूहलाचा विषय झाला आहे. हे काम मोलाचे आहे. परंतु त्याचा आधार घेऊन ‘भारतातील आदिमतम भाषेचा अवशेष’ अशी जी गौरवपर विधाने केली जातात, ती जुन्या आरोपाची आरशातली प्रतिमा आहेत. चोर आणि अवशेष ही दोन्ही रूपके निहालांना वर्तमानाबाहेर ठेवतात. शेतमजुरीसाठी कोरकू-मराठीत, बाजारात हिंदीत, शाळेत प्रमाण मराठीत आणि घरी निहालीत वावरणारा बहुभाषिक माणूस या दोहोंतही दिसत नाही.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. प्राचीनता आणि ग्रंथपरंपरा हे त्याचे आधार. अभिजाततेच्या या जबाबदारीत आपल्याच प्रदेशातील ग्रंथहीन भाषांशी असलेल्या नात्याचा विचार अंतर्भूत व्हायला हवा. निहाली टिकेल की नाही, हे तिच्या भाषकांच्या जगण्याच्या परिस्थितीवर अवलंबून राहील. मराठी समीक्षेच्या हाती असलेली गोष्ट त्याहून लहान, पण टाळता न येणारी आहे : ज्या शब्दांनी तिने या माणसांचे वर्णन केले, ते शब्द स्वतःच्या परंपरेलाही लावून पाहणे.