‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मालिकेंतील प्रेम व सूड

नारायणगांव हें तमाशाचें गांव. यात्रांचा हंगाम जवळ आला कीं तेथें फडांच्या राहुट्या लागतात, आणि जुन्नर-आंबेगांवचेच नव्हेत, तर दूरदूरच्या गांवांचे कारभारी सुपारी देण्यास तेथें येतात. ज्या वगांवर या मुलखाची रुचि पोसली, त्यांतील कथानक बहुधा दोन खांबांवर उभें असतें : कोणाचें तरी प्रेम हिरावलें जातें, आणि पहाट होण्यापूर्वीं त्याचा सूड उगवला जातो. याच नारायणगांवचे डॉ. अमोल कोल्हे यांनीं सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०२० या काळांत झी मराठी वाहिनीवर छत्रपति संभाजी महाराज उभे केले. त्यापूर्वीं २००८ सालीं सुरू झालेल्या ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेंत त्यांनींच शिवाजी महाराजांची भूमिका केली होती. एकाच नटानें पित्याचें व पुत्राचें रूप घ्यावें, आणि पुत्राची मालिका चालू असतांनाच, २०१९ सालीं, ज्या मतदारसंघांत शिवनेरी आहे त्या शिरूरमधून लोकसभेवर निवडून जावें, हा योग विलक्षण खरा. परंतु आम्हांस येथें मतांचा हिशेब करावयाचा नाहीं. रंगाचा करावयाचा आहे.

संभाजी महाराजांच्या शृंगाराचा प्रश्न मराठी वाङ्मयांत फार जुना. गडकऱ्यांचें ‘राजसंन्यास’ १९१९ सालीं त्यांच्या मृत्यूमुळें अपुरें राहिलें. पण त्यांतील तुळशीच्या मोहांत गुरफटलेला राजा प्रेक्षकांच्या मनांत पुरा झाला. थोरातांच्या कमळेची कहाणी चित्रपटानें घरोघर पोंचविली. पुढें वा. सी. बेंद्रे यांनीं १९६० सालीं आणि डॉ. कमल गोखले यांनीं १९७१ सालीं कागदपत्रें चाळून या प्रतिमेचा बराचसा रंग खरवडून काढला. तरीहि राग शमला नव्हता : जानेवारी २०१७ मध्यें पुण्याच्या संभाजी उद्यानांतील गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून टाकण्यांत आला. नाटककारावर अशा रीतीनें सूड उगवणें आम्हांस मुळींच रुचलें नाहीं. लेखणीला लेखणीनेंच उत्तर द्यावें. तें उत्तर, कळत वा नकळत, त्याच वर्षीं सुरू झालेल्या या मालिकेनें दिलें, आणि तें तिचें मोठें श्रेय होय. तिनें नायकाचें प्रेम आडरानांतून काढून घरांत आणिलें व तें येसूबाईंच्या ठायीं वसविलें. प्राजक्ता गायकवाड यांच्या येसूबाईंत लाडिकपणा कमी व जबाबदारी अधिक आहे. ज्या राणीच्या शिक्क्यावर ‘श्री सखी राज्ञी जयति’ अशीं अक्षरें होतीं, तिला हेंच शोभतें. सखी आणि राज्ञी हे दोन शब्द एका मुद्रेंत बसविणाऱ्या दांपत्यास उपकथेंतील नायिकेची गरज नव्हती.

सुडाच्या बाबतींत मात्र मालिका वगाच्या वाटेनें गेली. रायगडावरील कारस्थानें दिवसेंदिवस लांबतात. सोयराबाई व अण्णाजी दत्तो यांच्या भिंवया वर चढल्या कीं वाद्यें कल्लोळ करूं लागतात, आणि प्रेक्षकास विचार करण्याचें कारण उरत नाहीं. रोज रात्रीं प्रेक्षकाला उद्यांसाठीं अडकवून ठेवणें हा या धंद्याचा नियम. तो आम्ही जाणतों. परंतु कारस्थानाचें मूळ मत्सरांत शोधलें म्हणजे राज्यकारभाराचा झगडा सासुरवासाचा होऊन बसतो.

येथें एका चिनी मालिकेची आठवण येते. उपशीर्षकांच्या आधारें अशा मालिका पाहणारीं तरुण मंडळी आपल्याकडेहि आतां आढळतात. ‘लांग्या बांग’ ही ५४ भागांची मालिका २०१५ सालची. सत्तर हजार सैनिकांवर राजद्रोहाचा खोटा आळ येऊन त्यांचा संहार होतो. त्यांतून वांचलेला तरुण बारा वर्षांनीं बदललेल्या चेहऱ्यानें व नांवानें राजधानींत येतो. त्याची वाग्दत्त वधू समोर असते, पण स्वतःची ओळख तो तिच्यापासूनहि लपवितो. त्याला कोणाचें मस्तक नको असतें; जुन्या खटल्याची फेरचौकशी हवी असते. म्हणून तेथील सूड पाहतांना मन तापत नाहीं, जागें होतें. अर्थात् त्या लेखिकेस एक सवलत होती. तिचा दरबार कल्पित. त्यांतील खलपुरुषाचा नातू तिच्या दारीं येणार नव्हता. आपल्याकडे तसें नाहीं. २०२५ सालच्या ‘छावा’ या हिंदी चित्रपटांत गणोजी व कान्होजी शिर्के यांस फितूर दाखविल्यामुळें शिर्के घराण्याच्या वंशजांनीं हरकत घेतली, आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांस दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्या फितुरीविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. पडद्यावर मात्र संशयासहि शिक्षा होते. साडेतीनशें वर्षांपूर्वींचें वैर जिवंत आडनांवांवर येऊन बसतें, हा धोका आपल्या ऐतिहासिक कथाकारानें कायमचा ओळखून असावा.

पण इतिहास त्याला रिक्त हस्तें पाठवीत नाहीं. १६८१ सालीं कटाच्या आरोपावरून बाळाजी आवजी चिटणीस यांस संभाजी महाराजांच्या आज्ञेनें देहदंड झाला. त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ यांनीं मनांत डूख धरिला नाहीं. त्यांनीं गादीची सेवा केली. पुढें जिंजीच्या वेढ्यांतून राजाराम महाराजांस सोडविण्यासाठीं त्यांनीं स्वतःचें दाभोळचें वतन शिर्क्यांस देऊन टाकिलें, अशी परंपरा आहे. सूड गिळून टाकणाऱ्या या माणसाएवढा नाट्यमय पुरुष कोणत्या कल्पित दरबारांत सांपडेल ?

आणि येसूबाई ! फेब्रुवारी १६८९ मध्यें पति शत्रूच्या हातीं सांपडलेला, पुत्र शाहू सात वर्षांचाहि नाहीं. ज्या राजारामांस गादी मिळावी म्हणून त्यांच्या पतीविरुद्ध कट झाला, त्याच सोयराबाईंच्या पुत्रास येसूबाईंच्या संमतीनें मंचकावर बसविण्यांत आलें. मालिकेचा सारा ओघ नायकाच्या बलिदानाकडे धांवत असल्यामुळें या निर्णयापाशीं प्रेक्षकाचें मन थबकत नाहीं. आमच्या मतें प्रेमाची व सुडाची खरी गांठ येथेंच आहे. पतीवरील निष्ठेनें त्यांस सूड शिकविला असता तर कोणीं दोष दिला नसता. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत रायगड पडला, त्या शाहूसह मोगलांच्या कैदेंत गेल्या. शाहू १७०७ सालीं सुटले, त्या १७१९ सालीं परतल्या. या तीस वर्षांवर कोणी नवी मालिका लिहावयास घेईल, तर तिचा पहिला प्रवेश त्यानें रायगडावर, मंचकारोहणाच्या आदल्या रात्रीं, दोन स्त्रियांच्या आठवणींत लावावा : एक निवर्तलेल्या सोयराबाईंची, दुसरी अजून जागी असलेल्या सखीची.