‘शासन’ : पटावरील मतदार आणि मेंढा-लेखाची ग्रामसभा

बैठ्या खेळाच्या रचनाकाराचे कर्तृत्व त्याच्या नियमांत शोधावे लागते. पटाची सजावट, सोंगट्यांचा घाट, पत्त्यांवरील मजकूर यांस महत्त्व असले, तरी खेळाडूला काय करता येते आणि काय करता येत नाही हे सांगणारा नियम हाच रचनाकाराच्या विचाराचा खरा पुरावा होय. झेन मेमन यांच्या खेळांची परीक्षा याच कसोटीवर व्हावयास हवी. आणि त्यासाठी गडचिरोली-चंद्रपूरच्या वनप्रदेशातील ग्रामसभा हे उत्तम तुलनास्थान आहे.

मेमन हे आनंद गांधी यांचे मीमेसिस कल्चर लॅबमधील सहकारी. या संस्थेशी निगडित असलेला ‘ॲन इन्सिग्निफिकंट मॅन’ हा आम आदमी पक्षाच्या उदयावरील अनुबोधपट २०१७ साली प्रदर्शित झाला. निवडणुकीच्या राजकारणाचा विषय मेमन यांनी पुढे ‘शासन’ या खेळात पटावर मांडला. २०१९ साली किकस्टार्टरवरून लोकवर्गणी जमवून तो प्रकाशात आला.

जुन्या मोक्षपटात सोंगटीचे चढणे-घसरणे फासे ठरवितात. ‘शासन’मध्ये ते स्थान खेळाडूच्या मताला आहे. प्रत्येक डावात त्याला धोरणविषयक प्रश्न विचारला जातो. उत्तराप्रमाणे त्याची गणना भांडवलवादी, आदर्शवादी इत्यादी चार भूमिकांपैकी एकीत होते आणि निधी, दबदबा, प्रसिद्धी व विश्वास यांपैकी काही साधने हाती येतात. या साधनांनी मतदार मिळवावयाचे, पटावरील विभागांत बहुमत साधावयाचे आणि बहुमताच्या बळावर मतदार शेजारच्या विभागात सरकवावयाचे, असा हा क्रम आहे. मताचे साधनात आणि साधनाचे मतदारात होणारे हे रूपांतर हेच मेमन यांचे मोठे यश होय. आपण दिलेले उत्तर मनापासूनचे की सोयीचे, हा प्रश्न खेळाडूला टाळता येत नाही.

परंतु या रचनेत मतदार केवळ सोंगटी आहे. त्याला हरकत घेता येत नाही. ही उणीव किती खोल आहे, हे धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. तेथे निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात. अभ्यासगटात विषयाचा ऊहापोह होतो, निर्णय ग्रामसभा घेते. आणि एखाद्याचा विरोध असल्यास त्याचे समाधान होईपर्यंत निर्णय थांबतो. या पद्धतीस भाबडा आदर्शवाद म्हणून बाजूला सारता येत नाही. वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावनेही २०१२ साली असाच हक्क मिळविला.

खेळाला विजेता हवा, सहमतीला तो नको. तेव्हा ही तुलना अन्यायाची आहे, असा आक्षेप संभवतो. मेमन यांच्याच पुढील खेळाने तो दुबळा ठरविला आहे. ‘शासन : आझादी’मध्ये साम्राज्यसत्ता उलथून टाकण्यासाठी खेळाडूंना आरंभी एकमेकांस साहाय्य करावे लागते; स्वातंत्र्य मिळताच सत्तेची स्पर्धा सुरू होते. म्हणजे सहकार्य नियमबद्ध करण्याचे सामर्थ्य या रचनाकारापाशी आहे. मात्र समान शत्रू नाहीसा झाल्यावर सहकार्यही संपते, हे त्यांनी गृहीत धरलेले दिसते. वनहक्क मिळाल्यानंतरच्या काळात, बांबू तोडावा किती आणि विकावा कसा हे सर्वांनी मिळून ठरविणाऱ्या ग्रामसभा या गृहीतकाला प्रत्यक्ष उत्तर देतात.

मेमन यांनी मराठी मुलुखातील खेळपरंपरेला दैवाकडून निवडीकडे वळविले, हे श्रेय त्यांना निःसंशय द्यावे लागेल. निवडीचा हा अधिकार खेळाडूपाशी थांबला आहे. तो सोंगटीपर्यंत पोचविणारा नियम अद्याप लिहावयाचा आहे.