मॉली बॉनचा पदर

जबलपूरच्या छावणीजवळ ज्यांचे बालपण गेले त्यांना बॅगपाइप परका वाटत नाही. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन्ही रेजिमेंटची केंद्रे आमच्या शहरात आहेत, आणि वारा इकडचा असला की सरावाचे सूर अंगणापर्यंत येत. त्यामुळे स्कॉटलंडचे ते वाद्य माझ्या लेखी कित्येक वर्षे निव्वळ फौजी होते. पाइपमधून विलापही निघतो हे मला चाळिशीत कळले. तो पाइप आयरिश होता आणि ध्वनिमुद्रण अमेरिकेतले.

अल्बमचे नाव 'डाउन द ओल्ड प्लँक रोड' (२००२). १९६२ साली डब्लिनमध्ये स्थापन झालेल्या 'द चीफटन्स' या वाद्यवृंदाने नॅशव्हिलला जाऊन तिथल्या कंट्री आणि ब्लूग्रास गायक-वादकांना सोबत घेऊन तो केला. संस्थापक पॅडी मलोनी यांचा इलन पाइप फुंकायचा नसतो. काखेतला भाता कोपराने दाबून त्यात हवा भरतात, आणि त्याचे नावही कोपरावरूनच आले आहे. आवाज मैदानाचा नाही, खोलीतला आहे. छावणीच्या पाइपची सवय असलेल्या कानाला आधी तो आजारीच वाटतो.

खरे सांगायचे तर अल्बम एकसंध नाही. पाहुण्यांची वर्दळ फार. प्रत्येकाला एक गाणे द्यायचेच, अशा हिशेबाने काही जागा भरल्या आहेत, आणि वेगवान नाचाच्या धुनांत दोन्ही बाजू एकमेकांना टाळ्या देत बसल्यासारख्या वाटतात. पण अ‍ॅलिसन क्राउसने गायलेले 'मॉली बॉन' लागले की ही सगळी तक्रार विसरायला होते. ब्लूग्रासमध्ये वाढलेला हा गळा आयरिश कथागीत गाताना स्वर रडका करत नाही. साक्षीदाराने जबानी द्यावी तशी ती गाते.

कथा अशी. संध्याकाळी पाऊस लागतो म्हणून मॉली झुडपाच्या आडोशाला उभी राहते, अंगावरचा एप्रन लपेटून घेते. शिकारीला निघालेल्या तिच्या प्रियकराला अंधुक उजेडात तो पांढरा आकार हंसाचा वाटतो आणि तो गोळी झाडतो. पुढे खटला उभा राहतो तेव्हा मॉलीचे भूत येऊन त्याची बाजू मांडते. घरात हे ऐकवले तर मावशी म्हणाली, "अगं, हा तर श्रावणबाळ!" मावशीचे बरोबर होते, आणि नव्हतेही. दशरथाला शाप मिळतो. इथे मेलेलीच कोर्टात येऊन सोडवते.

हे गीत अटलांटिकपार गेले. सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलीस यांनी १९१६ ते १९१८ या काळात अ‍ॅपलेशियन डोंगरांत हिंडून जी गाणी टिपली, त्यांत ते आहे. शार्पने त्या संग्रहाच्या नावात 'इंग्लिश लोकगीते' म्हटले, जरी त्या डोंगरात उत्तर आयर्लंडहून आलेल्यांची वस्ती मोठी होती. संग्राहकांना शुद्ध मूळ हवे असते. 'केल्टिक' हे लेबलही तसेच. ते मुळात भाषाकुलाचे नाव. आयरिश, वेल्श, ब्रेटन या भाषा एका कुळातल्या म्हणून त्यांचे संगीतही एका कुळातले ठरत नाही.

शिवाय वाहतूक एकतर्फी नव्हती. आयरिश धुनांचा सर्वांत वजनदार संग्रह १९०३ साली शिकागोत निघाला. १८५० धुना, आणि संपादक फ्रान्सिस ओनील तिथले पोलीसप्रमुख. स्लायगोचा मायकेल कोलमन १९१४ मध्ये अमेरिकेला गेला. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कला निघालेल्या त्याच्या फिडलच्या तबकड्या बोटीने घरी पोचल्या, आणि आयर्लंडमधल्या गावोगावच्या वादकांनी आपला बाज सोडून स्लायगोचा उचलला. मूळ गावाने आपले 'मूळ' प्रवाशाकडून परत घेतले! आज आयरिश मैफलीत सर्रास दिसणारा बँजोही आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्यांनी अमेरिकेत घडवलेला. चीफटन्सच्या अल्बममध्ये हा तिसरा धागा ऐकू येत नाही, ही माझी मोठी तक्रार. त्यासाठी रिआनन गिडन्सकडे जावे लागते. नॉर्थ कॅरोलायनाची ही गायिका जुन्या धाटणीचा बँजो वाजवते. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या फ्रान्चेस्को तुरिसी या इटालियन वादकाबरोबर तिने २०१९ साली जो अल्बम केला, त्यात कुणीही पाहुणा वाटत नाही.

आपल्याला या सरमिसळीचे नवल वाटू नये. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे नाव दिलेले असे. किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून (१८८०) चाली उसन्या घेतल्या गेल्या, आणि उसनवार उघड सांगितली गेली. त्याला कुणी 'फ्यूजन' म्हटले नाही. आमच्याच मध्य प्रदेशात, देवासला, कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुनांतून राग उभे केले.

हे सगळे मी स्वतःच्या अडचणीपोटी लिहिते आहे. 'मॉली बॉन'चे मराठी करायला घेतले आणि पहिली अडचण आली ती एप्रनची. आमच्या घरच्या जबलपुरी मराठीत मी 'पल्लू' लिहिले. एका संपादकांनी ते खोडून 'पदर' केले. हिंदीची छाया नको, म्हणाले. पण पदर डोक्यावर आला की मर्यादा आली, वडीलधारी आली, लग्न आले. मॉलीला फक्त भिजायचे नव्हते. दुसरी अडचण हंसाची. कुमारजींच्या कबीरावर वाढलेल्या कानाला हंस म्हणजे जीव, आणि मग गोळी लागण्याआधीच ती मेल्यासारखी वाटते. बगळा लिहून पाहिला, हसू आले. ओवीत बसवून पाहिले तर दर कडव्याला कथा थांबायची. साकीत ती जरा पुढे सरकते.

'पल्लू' मी परत आणला आहे. हंस तसाच ठेवला. आणि डोक्यावर, कंसात, लिहिले आहे: चाल – मॉली बॉन.