दवाखान्याच्या वहीत न आलेले मृत्यू

आज आम्ही एकाच शोधनिबंधाबद्दल बोलणार आहोत. भारतातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंवरचा हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्याचा अंदाज असा, की देशात वर्षाला सुमारे ४५,९०० माणसं साप चावून मरतात. सरकारी रुग्णालयांच्या अहवालांतून येणाऱ्या आकड्याच्या हे तिसाहून अधिक पट आहे!

एवढा फरक पडायला कुणी आकडे दडवायची गरजच नसते. रुग्णालयाची वही रुग्णालयात पोचलेल्यांचीच असते. अभ्यासकांनी सुरुवात घरातून केली. २००१ ते २००३ मधल्या सुमारे १,२३,००० मृत्यूंबद्दल घरच्यांना विचारलं आणि त्या जबान्या वाचून डॉक्टरांनी कारण ठरवलं. सर्पदंशाने गेलेल्यांपैकी दवाखान्यात मेलेले जेमतेम २३ टक्के निघाले. बाकीचे घरी, रानात, वाटेत गेले. आता बघा, मागच्या वर्षी किती रुग्ण आले यावरून यंदाची लस मागवली, तर जिथून माणूस पोचतच नाही तिथली मागणीही कागदावर शून्यच राहणार.

इथवर सगळे माना डोलावतात. आमची तक्रार पुढची आहे. या निबंधाचा हवाला देऊन सरकारी नोंदी कुचकामी आहेत असं सर्रास म्हटलं जातं, ते आम्हाला पटत नाही. त्या १,२३,००० मृत्यूंत सर्पदंशाचे होते ५६२. देशाचा अंदाज बांधायला तेवढे पुरतात. पण शहापूर तालुक्यातल्या कुठल्या आरोग्य केंद्रात जूनच्या आधी लस पोचवायची, हे त्या ५६२ मधून कळणार नाही. ते कळेल तर कचेरीतल्या नोंदींतूनच.

आणि दवाखान्याची वही काही एकटी नाही. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद होते. शेतकरी सर्पदंशाने गेला तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून घरच्यांना २ लाख रुपये मिळतात, म्हणजे कृषी विभागातही फाईल असते. एकच मृत्यू तीन-चार ठिकाणी लिहिला जातो, पण या वह्या शेजारी शेजारी ठेवून कोण वाचतं? त्यातही सातबारा नसलेला मजूर त्या योजनेत बसत नाही, त्यामुळे ती यादीही अपुरीच.

२०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सांगितलं, सर्पदंश अधिसूचित करा. सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने कळवलंच पाहिजे. चांगलंच झालं. पण कळवणार कोण? पुन्हा रुग्णालयच! वही जाड होईल. वाटेत गेलेला माणूस तिच्यात येईलच असं नाही. त्यासाठी पोलिसांची नि ग्रामपंचायतीची नोंद आरोग्य खात्याच्या नोंदीशी जुळवावी लागेल.

जुळवायचं तर नाव, गाव, तारीख लागणार. मग घरच्यांच्या खासगीपणाचं काय, हा प्रश्न आलाच. तो आपण पुढच्या व्याख्यानात घेऊ.